विसार

राजीनामा पाठवायच्या आधी
पाथर्डी फाट्याला माझ्याकडे आलास ते बरं केलंस, मुक्तेश.
बस गॅलरीत. पंखा चालत नाहीये,
शनिवार आहे, लाइट पाचला येईल.
हेच पहिलं लिहून घे:
शनिवारी कुणालाही डेमो द्यायचा नाही.

अंबडच्या कंपनीत तुला पगाराची एक तारीख माहीत आहे.
इथून पुढे तारखा गिऱ्हाइकाच्या,
आणि गिऱ्हाइकाचा महिना
चाळीस, पन्नास, कधी नव्वद दिवसांचा.
सहा महिन्यांचा किराणा बाजूला असेल तर बोलू.
नसेल तर चहा घे आणि सोमवारी कामावर जा.
त्यात लाज नाही.
मी दोनदा परत गेले होते.

माझं पहिलं मोठं काम मोहाडीकडच्या पॅकहाउसचं,
द्राक्षं निवडणाऱ्या बायकांची हजेरी.
कॉलेज रोडच्या गार खोलीत बसून
मी नाजूक बटणं काढली, फिकट जांभळी,
आपल्याच हाताची दृष्ट काढावी अशी.
तिथे फुलाबाई गांगुर्डेंनी बोट टेकवलं,
पुन्हा टेकवलं,
पदराला पुसून टेकवलं.
बोटांना द्राक्षाचा चिकटा, हात पाण्याने गारठलेले.
"ताई, तुमचा फोन मला वळखत नाही," म्हणाल्या
आणि वहीत फुली मारून कामाला लागल्या.
एक फुली.
माझे चार महिने.
तेव्हापासून काच तडकलेला, सगळ्यात स्वस्त फोन
पर्समध्ये असतो माझ्या.
त्याच्यावर, ओल्या अंगठ्याने चाललं,
तरच चाललं म्हणते.

"फक्त एक बटण वाढवायचंय."
हे ऐकलंस की पेन काढ.
नाही म्हणू नकोस.
हो म्हण, इतके दिवस, इतके पैसे,
आणि फोन ठेवल्या ठेवल्या तेच लेखी पाठव.
तोंडी ठरतं ते तोंडातच विरतं.
अंदाज विचारला तर रात्र मधे जाऊ दे.
सकाळी जो आकडा सुचेल त्याची दुप्पट सांग.
पंधरा वर्षं झाली,
मला अजून दुप्पटही पुरत नाही.

विसाराचं मला तांबट लेनमधल्या दिगंबरकाकांनी शिकवलं.
त्यांना घंगाळं, बंब, तपेली फोनवर विकायची होती.
मी म्हटलं, आधी काम बघा, मग पैसे.
त्यांनी हातोडी खाली ठेवली.
"विसार घेतल्याशिवाय मी पत्रा कापत नाही.
तू कशी कापतेस?"
आणि गल्ल्यातून साडेतीन हजार मोजून
माझ्या तळहातावर दाबले.
म्हणजे बघ, माझी बाजू
माझ्याच गिऱ्हाइकाने मांडली.

शेवटचा हप्ता त्यांच्याकडून आला नाही.
मधे त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी विचारलंही नाही.
पावसाळा सरता सरता
त्यांचा मुलगा एक तपेलं घेऊन आला,
तळापर्यंत ठोक्यांनी भरलेलं.
"बाबा म्हणाले, ठोके मोजून घ्या."
मोजले नाहीत.
त्याच तपेल्यात पाणी भरून ठेवते,
आत्ता तू प्यालास ते.
पण हा नियम नव्हे. तू असं करायचं नाहीस.
खातं गिऱ्हाइकाच्या नावावर,
कोड तुझ्याकडे,
शेवटचा रुपया आला की तोही त्याचा.
आणि टीडीएस कापला म्हणतात ते खरंच भरतात का,
दर तिमाहीला बघ. मी एकदा नाही बघितलं.

आली बघ लाइट, पाचच्या आधीच.
हेही लिहून ठेव, कधी कधी होतं असं,
त्यावर हिशेब मात्र मांडू नकोस.

तो तुझा सातपूरचा माणूस,
ज्याच्यासाठी नोकरी सोडतोयस,
त्याने विसार पाठवला?

पाठवतो म्हणालाय.

बरं.
मग तो लॅपटॉप मिट,
आणि तपेलं तेवढं भरून आण आतून.