गुरुवारचा शिक्का

दर गुरुवारी तीन वाजता
जेलचा शिपाई माझ्या मनगटावर जांभळा शिक्का मारतो,
म्हणजे सुटताना
आतल्यांत आणि माझ्यात घोटाळा नको.

मोबाइल, पट्टा, किल्ल्या, सुटे पैसे, सगळं खिडकीत.
एकदा खोकल्याचं औषधही ठेवून घेतलं.
"काका, यातपण असते."
मला सांगतोय.

सत्तावीस वर्षं काचेच्या कारखान्यात
मी बाटल्या तपासल्या.
दिव्यासमोर धरायची, फिरवायची,
बुडबुडा दिसला की डावीकडच्या टोपलीत.
आणि ज्या राज्यात दारू मिळत नाही
तिथं रोज रात्री पिऊन
दांडियाबाजारातून सायकल हातात धरून घरी यायचो.
कुमुद कडी न लावताच झोपायची,
मी दार वाजवून शेजारी उठू नयेत म्हणून.

विणकामाच्या शेडमध्ये सतरंजी, त्यांनीच विणलेली.
कधी पंधराजण, कधी नऊ.
निम्मे पंख्यासाठी येतात.
येऊ देत. मीही पहिल्यांदा चहासाठीच गेलो होतो.

माझं नाव उद्धव शितोळे, मी दारुडा आहे,
हे मी गुजरातीत सांगतो, हिंदीत सांगतो.
अकरा वर्षं झाली सुटून, तरी मराठीत जड जातं.
त्या भाषेत मला आई ओळखायची.

नानसिंग राठवा दोन महिने काही बोलला नाही.
छोटाउदेपूरच्या पलीकडचा, हात मोठे, नखं स्वच्छ.
भावाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातलेला.
भाऊ वाचला.
त्याला आता सगळ्यांची नावं आठवतात,
नानसिंगचं सोडून.

माघात एका गुरुवारी त्यानं हात वर केला, शाळेतल्यासारखा.
"काका, आमच्यात पहिली धार देवाची.
महुड्याची. पानाच्या द्रोणातून जमिनीवर.
मग म्हातारे. मग आपण.
मी सोडली, बरोबर.
पण देवानं कुठं सोडलीये?"

सगळे हसले. तो हसला नाही.
माझ्याकडे पायऱ्यांचा कागद आहे, लॅमिनेट केलेला.
मी उलटापालटा करून पाहिला.
भरत माछी म्हणाला, "पाणी दे."
"पाणी तर पाऊसच देतो त्याला."

मी म्हटलं, विचारून सांगतो.
कुणाला, ते त्यानं विचारलं नाही.

कुमुद तांदूळ निवडत होती.
एक खडा, दोन खडे, मग बराच वेळ काहीच नाही.
"रिकामा द्रोण ठेव म्हणावं समोर," ती म्हणाली.
"आणि बस म्हणावं तिथंच. कळेल त्याला."
देवाला की नानसिंगला, हे मी विचारायला हवं होतं.

पुढच्या गुरुवारी त्याच्या जागेवर कुणी नव्हतं.
मंगळवारीच सुटला, शिपाई म्हणाला,
घ्यायला कुणी आलं नव्हतं, चालत डेपोकडे गेला.
मी पत्ता मागितला तर चोपडीत फक्त गाव,
फळियाचं नाव नाही.
तरी पोस्टकार्ड टाकलं, गुजरातीत, तीन ओळी.
नानसिंगला वाचता येत नाही,
हे पेटीत टाकल्यावर आठवलं.

आता चैत्र आहे.
तिकडे पहाटे महुडा टपटपत असेल,
टोपल्या घेऊन सगळं घर झाडाखाली,
भाऊसुद्धा.
वास मला इथवर येतो, किंवा मला तसं वाटतं,
अशा गोष्टींत माझ्या नाकावर मी विश्वास ठेवत नाही.

त्याच्या जागी नवा पोरगा बसतो, जयमिन, एकवीस वर्षांचा.
पंखा बरोबर त्याच्या डोक्यावर.
अजून त्याला बोलायचं नाहीये.
मी त्याच्याकडे उजेडातून बघत नाही.
ती सवय मोडायला फार दिवस गेले.

घरी येतो तेव्हा साडेसात होतात.
शिक्का साबणानं जात नाही, रविवारपर्यंत राहतो.
कुमुद हल्ली कडी लावून घेते आतून.
मी वाजवतो.
जरा जोरातच,
शेजारच्यांना ऐकू जाईल असं.