होम

होम मैदानातल्या होमचा
इंग्रजीशी काही संबंध नाही.
तो होम अग्नीचा, संक्रांतीतला, कुंभारकन्येचा.
आमचा होम रबराचा, पाच कोनांचा,
नरसय्या येमूलनं कारखान्यातल्या जुन्या पट्ट्यातून कापलेला,
एक कोपरा जरा उणा.

फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे सात.
गड्डा उठून गेलाय,
पाळण्यांच्या खांबांचे खड्डे अर्धेच बुजलेत.
एक आहे नेमका तिसऱ्या बेसच्या वाटेवर,
त्यात आम्ही दर रविवारी माती भरतो
आणि मॅच संपेतो ती उडून जाते.
टॉवेलवाले विरुद्ध अक्कलकोट रोड,
पोरं-पोरी मिसळून.
हरेल त्यानं सगळ्यांना इडली द्यायची.

शेवटचा डाव. आठ-आठ.
तिसऱ्यावर महांतेश बिराजदार, ऐंशी किलो,
गुडघ्याला क्रेप बँडेज.
प्लेटवर लावण्या कोडम,
पॅड तिच्या भावाचे, पायांत सैल.
मागे मी, मास्क लावून, वाकून.

नियम मला झोपेतही येतो.
हातात चेंडू नसेल तर वाट अडवायची नाही.
हातात चेंडू असेल त्याला धडकायचं नाही,
घसर, नाहीतर वळसा घे.
म्हणजे सगळं येऊन थांबतं दोन आवाजांवर.
ग्लोव्हमध्ये चेंडू, थप्प.
अंगावर अंग, धप्प.
आधी कुठला, एवढंच.

फटका डावीकडे गेला, फेक आली,
महांतेश आला, आणि धुरळा.
धुरळ्यात एक बूट, एक वेणी,
आणि चेंडू एकटाच लंगडत बाहेर निघालेला.

दिसलं काहीच नाही.
पण मी तीस वर्षं मागांवर जॉबर होतो.
सोळा माग चालू असताना
धोटा कुठल्यात अडकला
ते पाठमोरा सांगायचो.
थप्प आधी आला होता. मी मूठ वर केली.
आऊट.

“काय बघलालाव ओ अण्णा?” महांतेश बसल्या बसल्याच.
“बघलो नाही. ऐकलो,” मी म्हणालो,
आणि तेव्हा मला ते वाक्य फार आवडलं.

लावण्याचा ओठ फुटला होता.
तिनं त्याला विचारलं, “तगिलिंदा?”
त्याला तेलुगू येत नाही, तरी त्यानं तळहात दाखवला.
माझ्याकडे तिनं बघितलं नाही.
पॅडचा पट्टा आवळत राहिली,
तो आधीच आवळलेला होता.

रात्री झोप येईना.
नातवाला उठवलं, साईतेजला.
म्हटलं, डावीकडे डब्याचं झाकण वाजव,
उजवीकडे टाळी. मागेपुढे, तुझ्या मनानं.
मी डोळे मिटतो.
दहा वेळा झालं.
दहाही वेळा मी म्हणालो, टाळी.
“ताता,” तो म्हणाला, “सहा वेळा झाकण आधी होतं,”
आणि जांभई देत झोपायला गेला.

डावा कान.
मागांकडे असायचा तो, तीस वर्षं.

प्लेटच्या मागे उभं राहिलं
की तिसरा बेस डावीकडे.
घरी येणारा प्रत्येक जण डावीकडून येतो.
अकरा वर्षं.
मला तुळजाराम गड्डम आठवला,
मूठ वर गेल्यावर टोपी खिशात घालून
काही न बोलता सायकलवर बसलेला,
परत कधी न आलेला.
वहीत त्याचं नाव शोधलं.
वहीत फक्त स्कोअर असतो.

पुढच्या रविवारी इडली टॉवेलवाल्यांनी आणली,
गेल्या वेळची बाकी.
महांतेश लंगडत आला, दोन जास्त खाल्ल्या.
मी प्लेट ब्रशनं झाडली,
उणा कोपरा बोटानं चाचपला,
आणि जेव्हा पहिला माणूस तिसऱ्यावरून सुटला
तेव्हा मी मास्क काढून तीन पावलं पलीकडे सरकलो,
चांगला कान त्याच्या वाटेकडे करून.

तिथून ऊन थेट डोळ्यांत येतं.