पिग्मी

दुपारी चारला मी त्या बोळात शिरतो.
गिऱ्हाईक नाही, हे चपलांच्या आवाजावरूनच ओळखतात सगळ्या.
खांद्याला रेक्झिनची पिशवी, हातात पावतीचं मशीन,
दर पावतीला रातकिड्यासारखं किरकिरणारं.

कस्तुरव्वा पन्नास देते. हुसेनबी तीस.
नवी आलेली, जिचं नाव दर महिन्याला बदलतं,
ती वीस देते आणि पावती मागत नाही.
मी तरी देतो.

खातं उघडताना फॉर्मवर रकाना होता : व्यवसाय.
माझं पेन अडलं.
कस्तुरव्वा म्हणाली, "लिव की काय बी. बिडी लिव.
वळतच होते की मी बिड्या.
हजाराला किती सुटायचे, ठाव हाय का तुला?"
मी बिडी लिहिलं.
हुसेनबीला शिवणकाम. नवीला घरकाम.
पतपेढीच्या अहवालात आता आमच्या शाखेत
शिवणकाम करणाऱ्या एकशे बारा महिला आहेत,
अध्यक्ष वार्षिक सभेत त्यांच्या नावानं टाळ्या घेतात.

हिशेब तिनं एकदा पावतीच्या पाठीवर करून दाखवला.
शंभरातले पन्नास आक्काचे, ते वरचेवर.
उरल्यातनं खोली, दिवसाच्या भाड्यानं, पंखा वेगळा.
दहा त्याला, ज्याला नाव नाही, नुसती मोटारसायकल आहे.
मग ते कर्ज, जे इथं आणलं त्या दिवशीचं,
सात वर्षं फिटतच आलंय.
मग पावडर, चहा, डॉक्टर, गावाकडं.
"आनि तुझी पिग्मी.
ह्यातलं तेवढंच माझं बघ,
जे तू घिऊन जातोस."

दर ठरतो यंत्रमागावर.
सूत महागलं की शनिवारचा पगार पातळ,
पगार पातळ की बोळात नुसती कुत्री.
टॉवेलाच्या ऑर्डरी थांबल्या हे मला पेपरच्या आधी कळतं,
तिसाच्या पावत्या दहावर येतात तेव्हा.

मार्चात धाड पडली.
पेपरात शब्द होता 'सुटका'. सहा महिलांची.
कस्तुरव्वाच्या कार्डावर एकवीस दिवस कोरे.
परतली तेव्हा वकिलाचे सात हजार नवे.
खोलीचं भाडं दीडपट. घरमालक म्हणाला, जोखीम वाढली.
मोटारसायकलचे दहाचे वीस. त्याचीही वाढली म्हणे.
आक्काची तर वाढणारच.
दर तोच.

नंतर एक वकीलबाई आल्या समजावायला.
मी दाराशी मशीन धरून उभा.
विकणं हा गुन्हा नाही, म्हणाल्या.
जागा देणं गुन्हा. रस्त्यावरून हाक मारणं गुन्हा.
तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणं गुन्हा,
जगणारा अठराच्या वर असेल तर.
कस्तुरव्वा बोटं मोजत होती.
"माझा शरणू गड्ड्याच्या जत्रंत अठराचा झाला.
म्हंजे संक्रांतीपतुर लेकरू,
आनि आता?"
कुणीतरी हसलं. वकीलबाई हसल्या नाहीत.
त्यांनी पाणी मागितलं आणि
हुसेनबीनं दिलेला पेला पूर्ण रिकामा केला,
हे बोळात अजून सांगतात.

मला शेकड्याला तीन मिळतात.
कस्तुरव्वाच्या पन्नासातला दीड रुपया.
रात्री भाकरीवर शेंगाचटणी, चटणीवर तेल ओतत बायको म्हणते,
"आज शिवणकामवाल्या लाइनीला होता वाटतं, बरं जमलंय."
कडक भाकरी मोडताना मोठा आवाज होतो.
दीड रुपया किती वेळा म्हणजे पोरीची ट्यूशन,
हे मी मोजत नाही.
मोजलं तर जाणूनबुजून होईल.
मी चौतीस वर्षांचा आहे.

आज तिनं पन्नासाची नोट पुढं केली आणि धरून ठेवली.
"तुझ्या कार्डावर काय लिवलंय रे, धंद्याच्या रकान्यात?"
मशीनमधला कागद नेमका संपलेला.
मी पिशवीतून जुनं पावतीबुक काढलं,
कार्बन सरळ केला,
हातानं लिहून दिलं :
पन्नास. अक्षरी रुपये पन्नास फक्त.