समरकंद, पहिली तपासणी

माझ्या पडद्यावर निळं म्हणजे लोखंड, पितळ, किल्ल्या, सुऱ्या.
शहराचं निळं वेगळं.
ते बघायला लोक आठ-आठ तास विमानात बसून येतात,
मान दुखेपर्यंत घुमटांकडे पाहतात
आणि जाताना त्याचाच एक तुकडा, बशी म्हणून,
मोज्यांत गुंडाळून नेतात.
बशी मला हिरवी दिसते.
रेशीम नारिंगी. जर्दाळू नारिंगी.
माणसाचं खायचं-ल्यायचं काही असलं की नारिंगीच.

नवं टर्मिनल सगळं काचेचं.
जुन्याचं छत गळायचं, खिडकी एकच,
पण दारासमोर तुतीचं झाड होतं;
उन्हाळ्यात बॅगांची चाकं जांभळी होऊन आत यायची.
आता फरशीत आपलाच चेहरा दिसतो.
घोषणा तीन भाषांत होतात,
तिन्हींत तीच बाई, कधीच न रागावता.
एक जर्मन आजोबा म्हणाले, आमच्याकडच्यापेक्षा छान आहे,
आणि स्वच्छतागृहाचा फोटो काढला.
खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

फक्त निरोप द्यायला आलेल्यांना आत जागा नाही.
ते दाराबाहेर उभे राहतात, काचेला नाकं लावून,
आणि पाळी संपताना मुख्तबर ठसे पुसते:
नाकं, तळवे, खाली खाली पोरांच्या जिभासुद्धा.

नोवोसिबिर्स्कचं विमान पहाटे पावणेचारला.
त्याला पर्यटक नसतात.
त्याला असतात पोरं, एकेक बॅग, नवे बूट,
आणि बॅगेत नान. कुणाकडे पाच, कुणाकडे बारा.
पडद्यावर एकावर एक सूर्य.
समरकंदचा नान दुसऱ्या पाण्यावर फुगत नाही म्हणतात.

त्या रात्री एक पोरगा पट्ट्यापलीकडे पोचलाही होता,
कमरेचा पट्टा परत लावत होता,
तेवढ्यात दारातून बाई ओरडली:
शेर्झोद! घास!

आमच्यात जाणारा माणूस नानचा एक घास तोडतो, दातांनी.
उरलेला घरात खिळ्याला टांगतात.
कुणी हात लावत नाही.
परत येऊन त्यानेच तो संपवायचा.
यांचं गडबडीत राहून गेलं,
टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता म्हणे.

बोतिर-अका म्हणाले, आत गेलेला माणूस बाहेर येत नाही. नियम आहे.
बाई म्हणाली, माणूस नको. नान जाऊ दे.
रुमाल सोडून तिने तो ट्रेमध्ये ठेवला,
तापातलं मूल ठेवावं तसा.
पट्टा सरकला.
आख्खा नारिंगी गोल, मधोमध ठशाची नक्षी,
बाकी काही नाही.
धोकादायक काही नाही, मी उगाचच मोठ्याने म्हटलं.

पलीकडे त्याने चावा घेतला.
चावत राहिला, गिळेना.

पट्टा एकाच दिशेने जातो.
उलट फिरवायचं बटण आहे, पण ते बॅग अडकली तरच,
आणि दाबलं की वहीत कारण लिहायचं.
मी बोतिर-अकांकडे पाहिलं.
ते बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.
त्यांच्या बुटांना नाडी नाही.

मी बटण दाबलं.
खडखडत पट्टा मागे आला
आणि पडद्यावर ग्रहण लागलेला सूर्य,
एका कडेला दातांची कोर.
चौदा वर्षांत आत गेलेलं काही
कमी होऊन परत आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

बाईने ते रुमालात बांधलं आणि वळून न बघता गेली.
वहीत मी लिहिलं: अडकलं होतं.

सकाळी घरी आले.
चुलीवरच्या खिळ्याला फरहोदचा नान आहे,
सहा वर्षांत दगड झालेला.
सासू म्हणते, चहात बुडवला तर अजून खाता येईल.
पडद्यावर तो कसा दिसेल, अजून नारिंगी
की बशीसारखा हिरवा,
एकदा पिशवीत घालून न्यावा असं वाटतं.
नेत नाही.