इस्त्रीची पावती

सांतोसच्या बंदरात, सकाळी साडेदहाला,
माझी बॅग मशीनमध्ये गेली आणि तशीच मागे आली.
"सेन्योरा, आत काय आहे?"
आत काय असणार.
दोन झगे, रक्तदाबाच्या गोळ्या,
बहिणीने फडक्यात बांधून दिलेले चीजचे पाव,
आणि इस्त्री.
लहानशी, वायरला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली.
"इस्त्री चालत नाही जहाजावर. आग लागते."

बावन्न वर्षं लोकांचे कपडे कडक केले, पोरा,
एक रुमाल जळला नाही माझ्या हातून.
हे मी बोलले नाही. मागे रांग होती.
त्याने इस्त्रीच्या मुठीला चिठ्ठी बांधली,
मला पावती दिली, नंबर एक्केचाळीस.
टेबलावर तिला एकटीला सोडून निघाले
तर वायर खाली लोंबत होती.

तिकीट वाल्देसीने काढलं, माझा भाचा, ट्रक चालवतो.
म्हणाला, "मावशी, आयुष्यभर वाफ खाल्लीस,
आता आठवडाभर वारा खा."
आमच्याकडे मिनासमध्ये समुद्र नाही.
डोंगर आहेत, त्यांच्या मागे डोंगर,
आणि जो तो सांगतो, त्यांच्याही मागे समुद्र आहे.

जहाज मला दिसलंच नाही.
पुढच्या बाईला विचारलं, जहाज कुठाय?
ती म्हणाली, ही काय, भिंत.
पांढरी भिंत, वर मान दुखेपर्यंत खिडक्या,
तिच्या पोटात एक भोक, आणि भोकातून
आम्ही मुंग्यांसारखे आत.

खोली सात हजार एकशे चौदा.
पडदा आहे. बाजूला सारला तर मागे भिंत.
म्हणजे कुणीतरी बसून
भिंतीसाठी पडदा शिवला, त्याला चुण्या घातल्या.
चुण्या चांगल्या होत्या, नावं ठेवायला जागा नाही.

मग हरवले.
पुढे निघाले की मागे पोचायची,
तीनदा त्याच पियानोपाशी आले,
वाजवणारा तिसऱ्या वेळी ओळखीचं हसला.
लिफ्टमधल्या गालिच्यावर लिहिलेलं, "शनिवार".
रोज रात्री बदलतात म्हणे,
इथे लोक वार विसरतात.
मी कशी विसरेन?
शनिवारी डॉक्टरीणबाईंचे बारा कोट असायचे.

खालच्या एका बोळात वास आला.
ओल्या सुताचा, गरम खळीचा.
नाकाने धरून नेलं मला.
प्रवाशांना मनाई, असं लिहिलेलं दार, वीतभर उघडं,
आत एक पोरगा, छातीवर नाव सुगियार्तो,
कॉलर मधून टोकाकडे दाबत होता.
मधून टोकाकडे!
टोकाला चुणी साचते रे, देवा.
मी बोटाने हवेत दाखवलं: टोक, मग आत, टोक, मग आत.
त्याला माझी भाषा नाही, मला त्याची नाही.
त्याने मान लववली, पाटीकडे बोट केलं,
आणि दार लावून घेतलं. हळू.
पण लागता लागता मी पाहिलं,
कॉलर त्याने उलटी केली होती.

पाच वाजता भोंगा.
नारिंगी जाकिटं घालून आम्हाला उभं केलं,
बुडायचं कसं नाही ते शिकवलं, तीन भाषांत.
मग किनारा सरकू लागला.
पोंता-द-प्रायाच्या कठड्यावर
एक म्हातारा, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मांडीवर कुत्रा,
कुत्र्याचा पंजा धरून आम्हाला हलवत होता.
मीही हात हलवला.
हातात पावती होती, एक्केचाळीस.

आणि समुद्र.
मला वाटलं होतं सपाट असेल,
चित्रात असतो तसा, ताणून बसवलेला.
हा तर सगळा चुरगळलेला,
टोकापासून टोकापर्यंत.
खोटं कशाला सांगू, हात शिवशिवले.
मग ते हात कठड्यावर ठेवले
आणि तसेच राहू दिले.

वाल्देसीचा फोन आला, आवाज तुटत होता.
"मावशी, दिसला का समुद्र?"
म्हटलं, बघतेय.
अजून संपला नाही.