पाण्याची कमान

रीगाच्या विमानतळावर एकोणीस वर्षं
मी अग्निशामक दलात आहे, आणि आग
एकदाच विझवली, तीही सामानाच्या गाडीची.
बाकी सगळं पाणी स्वागतात गेलं.

नवा मार्ग सुरू झाला की
एक बंब इकडे, एक तिकडे,
नळ्या साठ अंशांवर, वारा आखाताकडून असेल तर पंचावन्न,
आणि कमानीखालून पहिलं विमान येतं
नुकतंच चाटून काढलेल्या वासरासारखं
लकाकत, बावरत.
खिडक्यांतून लोक फोन धरतात.
काहींना वाटतं, काहीतरी पेटलंय.

मागच्या उन्हाळ्यात उसंत नव्हती.
शेपटीवर सारस रंगवलेली जुनी कंपनी
आणि पिवळ्या पट्ट्याची नवी,
दोघी एकमेकींना पाण्यात बघायच्या
आणि पाणी माझं.
सारसवाल्यांनी ओलेसुंड जाहीर केलं.
अकराव्या दिवशी पिवळ्यांनीही ओलेसुंडच,
चाळीस मिनिटं आधी, नऊ युरोंत.
मग सात.
मग चार, वर पाठीवरची पिशवी फुकट.
गाडी उभी करायला आमच्याकडे तासाला पाच पडतात.
गेटवर दोनदा केक कापला.
काल्निन्या बाईंनी दोनदा तेच भाषण केलं
फक्त कंपनीचं नाव बदलून,
दुसऱ्या वेळी तेही चुकलं.

ओलेसुंडला माझी विझ्मा असते.
कारखान्यात कॉड माशाचे काटे काढते, सात वर्षं.
पूर्वी ऑस्लोवरून यायची, रात्र बाकड्यावर काढून,
दीड-दोन वर्षांतून एकदा,
आणि आम्ही तिला पाहुणीसारखं जपायचो.
मिर्द्झा चांगल्या बशा काढायची,
मी कुठलाच विषय काढायचो नाही.

चार युरोंत ती पाच वेळा आली.
एकदा दाढ भरून घ्यायला.
एकदा नुसतीच, शनिवारी, ओल्या केसांनी
फ्रीज उघडून उभी राहिली, म्हणाली,
या घरात खायला काही कसं नसतं.
त्या दिवशी आम्ही कडाडून भांडलो, बटाट्यांवरून,
मग तिच्या बापाच्या स्वभावावरून, म्हणजे माझ्याच.
मिर्द्झा नळ सोडून भांडी घासत राहिली.
तिच्या पाठीवरून कळत होतं, ती हसतेय.
कितीतरी वर्षांनी
घरात घरचं माणूस होतं.

हिशेब मला कळत नाही असं नाही.
दोन विमानं, प्रत्येकात एकशे ऐंशी खुर्च्या,
तिकडे माणसं किती, त्यातली इथली किती.
गुनार म्हणायचा, ह्या दोघी भांडतायत
तोवर आपण जेवून घ्यावं.
फेब्रुवारीत पिवळे गेले. पाटी एका रात्रीत उतरली.
सारसवाल्यांनी तिकीट एकशे दहा केलं
आणि मार्चमध्ये तेही म्हणाले, परवडत नाही.

शेवटचं विमान मंगळवारी, रात्री अकरा दहाचं.
केक नाही. काल्निन्या बाई घरी.
विझ्मा त्यात होती, सतराव्या रांगेत,
पिशवीत आईनं दिलेला राईचा पाव.
टूथब्रश न्हाणीघरातच राहिला.
विसरली की ठेवून गेली, मी विचारलं नाही.

उणे सात होतं. मी बंब बाहेर काढला.
निघत्या विमानासाठी तसं काही नियमांत नाही.
गुनार शेजारी बसला, नळीकडे बघत म्हणाला,
"पाणी?"
म्हटलं, नको, वाटेवर बर्फ होईल.
शिवाय अशा वेळी पाणी सोडू नये.
निळा दिवा तेवढा एकदा फिरवला.
वैमानिकानं पाहिला असेल, नसेल.

शनिवारी दहा चाळीसला त्बिलिसी आहे.
तिसरीच कुठली तरी कंपनी, शेपटीवर डाळिंब.
टाक्या भरून ठेवल्यात.
वारा बघून नळी लावीन.
तिकडेही कुणाची तरी
दाढ दुखत असेलच.