तीन

फरज बाजुबैर म्हणाला, बारा खोल्यांचं हॉटेल हवं,
पण पायरी चढताना पाहुण्याला वाटलं पाहिजे
की तो हद्रमौतात आलाय, आजोबांच्या घरी.
फरजच्या आजोबांच्या. पाहुण्याच्या नव्हे.
मी टिपून घेतलं.

जागा शारजाच्या खाडीमागे, मसाल्याच्या गोदामांना लागून,
डाव्या हाताला टायरचं दुकान,
उजव्या हाताला बंद पडलेली बेकरी.

सयूनहून मुअल्लिम सालमीन आला.
पिशवीत ओळंबा, सुती दोरी, मधाची बाटली.
नकाशा त्याने उलटा धरला
आणि तरी जिना कुठे चुकलाय ते दाखवलं.
मग जमिनीला बोट टेकवून म्हणाला, तीन.
मी वहीत आकडा लिहिला.
तीन काय, मुअल्लिम? मजले? मिस्त्री? महिने?
तीन! तो ओरडला. तीन!
फोरमन कुंजुमोन हसत हसत सिमेंटच्या गोणीवर बसला.
मॅडम, अरबीत तीन म्हणजे चिखल.

नगरपालिकेला चिखल चालत नाही.
सांगाडा काँक्रीटचा, मातीच्या विटा वरून, अंगरख्यासारख्या.
सालमीनने खांबावर बोटाची पेरं वाजवली,
कलिंगड पारखावं तशी,
आणि कान लावून विचारलं, आत कोण आहे?

तरी भिंत त्याने त्याच्याच मनाने चढवली,
तळाला हातभर, गच्चीशी वीतभर.
गरज नव्हती. वजन काँक्रीटच पेलत होतं.
मी हिशेब केला: खाली अकरा चौरस मीटर गेले.
म्हणजे एक खोली गेली.
फरजने दोन दिवस फोन उचलला नाही.
तिसऱ्या दिवशी निरोप आला,
अकरा चालतील.

लाकडी किल्लीवर मात्र कुणी ऐकलं नाही. कार्डच.

दोन मनोऱ्यांच्या मधे, चौथ्या मजल्यावर, त्याला एक दार हवं होतं.
तिकडे म्हणे घराघरांना वरून दारं,
बायका मीठ मागायला, बाळंतिणीला बघायला
रस्त्यावर न उतरता गल्ली ओलांडतात.
अग्निशमनच्या साहेबांनी ते लगेच मंजूर केलं,
आपत्कालीन मार्ग म्हणून.
नकाशात तिथे हिरवा बाण आहे, पळणारा माणूस आहे.
मिठाची वाटी कुठल्या चिन्हाने दाखवतात
ते मला कॉलेजात शिकवलं नव्हतं.

काल संध्याकाळी अंगणातला खड्डा उघडला.
चार दिवस भिजलेला भुसा, आंबूस, कोमट.
सालमीनने फुता गुडघ्यावर खोचला आणि आत उतरला.
वास आला आणि मी जिंतूरला होते.

आमच्या समोर अवद चाऊस, सायकलचं दुकान.
पणजोबा निजामाच्या फौजेत आले ते राहिले,
घरात अरबी उरली होती चिमूटभर,
बाकी सगळं आमच्यासारखंच, काय करायलास, कुठं चाललास.
दर वैशाखात तो माळवदासाठी पांढरी माती तुडवायचा,
पायजमा वर, दाढीला शिंतोडे,
आणि पायाच्या तालावर पुटपुटायचा,
तीन, तीन, तीन.
आम्ही पोरं भिंतीवर ओळीनं बसून
खिदळायचो, म्हाताऱ्याला पुढचं येत नाही.
चार! ओरडायचो. चाऊसचाचा, चार!
तो ढेकूळ फेकायचा. मुद्दाम चुकवून.

चाचाला जाऊन एकोणीस वर्षं झाली.
तो मोजत नव्हता, हे सांगायला
त्या भिंतीवरची पोरं आता कुठे शोधू?
एक पुण्यात, एक पोलिसात,
भिंत तर नाहीच.

सालमीनचे पाय पडतायत, डावा, उजवा.
तीन, म्हणतो, आणि पाण्यासाठी हात करतो.
सेफ्टी शूजच्या नाड्या सोडता सोडता
माझ्या तोंडून निघतं,
चार.

तो थांबतो. कुंजुमोनकडे बघतो.
मॅडम बादल्या मोजतायत, कुंजुमोन त्याला समजावतो.
सालमीन मान हलवतो
आणि चिखलाने माखलेला पंजा वर करतो:
पाच.